दादाच्या घरात घेतलेलं नाव

कस्तुरी मूळची साताऱ्याची, न्यायाधीशांची मुलगी. घरात आवाज चढवायची पद्धतच नव्हती. लग्नात उखाण्यासाठी सगळे हात धुऊन मागे लागले, तरी हिने तोंड उघडलं नाही. नवऱ्याने, अवधूतने, त्यावरून तिला दहा वर्षं चिडवलं.

तिचा थोरला भाऊ नरेंद्र टोकियोतल्या एका कंपनीत मॅनेजर. त्यानेच अवधूतला तिथे चिकटवलं. आपण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत! कंपनीने एका आजारी इंजिनिअरला तडकाफडकी भारतात धाडलं, तशी अवधूतने बाकीच्यांना गोळा करून युनियन उभी केली. आता तो रोज सकाळी ऑफिसच्या दारात पत्रकं वाटत होता. त्याची नोकरी गेली तर दोघांचाही व्हिसा जाणार. कस्तुरी पाळणाघरात बाइतो करायची, पण असल्या अर्धवेळ कामावर व्हिसा थोडाच मिळतो? एवढं बंड करताना गड्याने बायकोला एका शब्दाने विचारलं नव्हतं. तिला त्याचा राग होता, आणि भरपूर होता.

संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी निशी-कसाईत, नरेंद्रच्या घरी. आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"ये तू. पण अवधूतचा विषय नको. ऑफिसवाल्यांच्या बायका असतील, उगाच मला प्रॉब्लेम होईल."

"बरं, दादा," ती म्हणाली.

उखाणे सुरू झाले, हशा पिकला. कस्तुरीची पाळी आली तशी अनुराधावहिनी घाईने म्हणाली, "हिला नाही हं आवडत उखाणे. जुई, तू घे."

बायका मुकाट्याने तिळगूळ चघळू लागल्या. यांच्याच नवऱ्यांसाठी अवधूत रोज थंडीत उभा राहत होता! कस्तुरीला राहवेना.

"मी घेते," ती म्हणाली.

"थंडीत उभा पत्रकं वाटत ऑफिसच्या दारात,
अवधूतचं नाव घेते दादाच्या घरात."

कोणी हसलं नाही. आतल्या खोलीचं दार धाडकन लागलं. वहिनीने हळदीकुंकू लावलं, वाण हातात ठेवलं, पण 'पुन्हा ये' म्हटलं नाही. नरेंद्र निरोप द्यायला बाहेर आला नाही.

स्टेशनच्या वाटेवर कस्तुरी रडली. मग तिने अवधूतला फोन लावला.

"रडतेयस? काय झालं?"

"तुझं नाव घेतलं. उखाण्यात. दादाच्या घरी, सगळ्यांसमोर."

एरवी चिडवायला टपलेल्या त्या माणसाने आज चिडवलं नाही.

"मी आधी तुला विचारायला हवं होतं गं."

"हवंच होतं," कस्तुरी नाक पुसत म्हणाली. "उद्या निम्मी पत्रकं माझ्याकडे दे."