पश्चिमेची हद्द

भर समुद्रात मी माझ्या आक्काशी खोटं बोललो. मधुमेहानं तिची नजर बरीचशी गेली होती. तिनं विचारलं, काठ दिसतोय का, आणि काठ दिसत नसताना मी म्हणालो, दिसतोय. चूक एवढीच. एका वाक्यात मावते, म्हणून बरेच दिवस ती मला लहान वाटत राहिली.

आक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि आक्का आमच्या गावी परत आली ती कायमची. मला तिनंच वाढवलं. गाव निपाणीच्या अलीकडे, हायवेवरून आत. घराला लागून बस्ती, म्हणजे आमचं जैन मंदिर. आक्काचा दिवस बस्तीच्या घंटेनं सुरू व्हायचा आणि सूर्य मावळायच्या आत जेवण उरकून संपायचा. मी शिकलो, बेळगावात नोकरीला लागलो, तिथंच घर केलं. डोळ्यांचं दुखणं निघाल्यावर दर महिन्याला मी तिला गाडीतून बेळगावला आणायचो. डोळ्यात सुई देत. त्या सुईनं नजर वाढत नव्हती, उरलेली टिकत होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळा.

एके वर्षी गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला, त्यात आक्कानं दिग्व्रत घेतलं. आमच्यात हे व्रत घेणारा माणूस चारी दिशांना हद्दी ठरवतो आणि जन्मभर त्यांच्या पलीकडं पाऊल टाकत नाही. हद्द अशी सांगायची की कुणालाही ओळखता यावी. नदी, डोंगर, तीर्थ. आक्कानं उत्तरेला आणि पूर्वेला शिखरजी सांगितलं, दक्षिणेला श्रवणबेळगोळ. महाराजांनी पश्चिमेचं विचारलं तेव्हा ती हसली. "समुद्राचा काठ म्हणा की महाराज. त्याच्या फुडं मी कशाला जातीय?" सगळे हसले. मीही हसलो. मी तिच्या मागेच बसलो होतो. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

देवमाशाचं खूळ कुठून आलं तेही सांगायला हवं. आमच्या शास्त्रात शेवटच्या समुद्रातल्या एका महामत्स्याचं वर्णन आहे. प्रवचनात ते नेहमी येतं. एकदा सुई देऊन परतताना आक्का गाडीत म्हणाली, "आप्पा, शास्त्रातला ऱ्हाऊ दे. आपल्या समुद्रात असतो काय रं एवढा मोठा जीव?" लहानपणापासून ती मला आप्पा म्हणते. मी गाडी कडेला घेतली आणि मोबाईलवर देवमाशाचा व्हिडिओ लावून दिला. तिनं मोबाईल नाकाला टेकेल इतका जवळ धरला. बराच वेळ बघून म्हणाली, "पाणी हालतंय तेवढं कळतंय. खरा दिसला असता तर बरं झालं असतं."

माणूस असं काहीबाही बोलतो. मी ते धरून बसलो. डोळे पुरते जायच्या आत आक्काला देवमासा दाखवायचा, असं मी ऑफिसात दोघा-तिघांना सांगितलंही. त्यांनी कौतुक केलं. त्या कौतुकाची मला चटक लागली होती, हे आज कळतं.

गोव्याकडच्या एका लहान बंदरातून सात-आठ जणांना घेऊन होडी खोल पाण्यात जाते आणि थंडीत तिथं देवमासे दिसतात, असं समजलं. मी जागा ठरवल्या. त्या महिन्याची सुई झाल्यावर आक्काला एक दिवस बेळगावात ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. तिच्या पिशवीत उकळून गाळलेलं पाणी, दशम्या आणि शेंगाची चटणी. कणकुंबीच्या पुढं जंगल लागलं तेव्हा तिनं विचारलं, "समुद्रावर म्हणजे किती आत जायचं?"

"खाडीतच फिरवत्यात. काठाकाठानं."

"काठाच्या भायेर न्हाय न्हवं?"

"न्हाय गं."

खोटं सुरू झालं ते तिथं, घाटाच्या तोंडाशी. पण तेव्हा मी स्वतःला समजावलं की होडीवाला कुठवर नेईल ते मला तरी कुठं नक्की ठाऊक आहे.

होडीत आम्ही सात जण होतो. बंगळूरचं एक तरुण जोडपं, पुण्याकडचे तीन मित्र आणि आम्ही दोघं. शिवाय होडीवाला, काळा, शिडशिडीत, बोलायला मोकळा. त्यानं आक्काच्या पांढऱ्या लुगड्यावर नारिंगी जाकीट चढवून बंद आवळले. आक्कानं त्याला विचारलं, "बाबा, खालच्या पंख्यात मासं सापडत न्हाईत न्हवं?"

"आजी, मासे शहाणे. पंखा वाजला की पळतात. सापडतो तो माणूस."

"तू खातोस मासं?"

"आता खोटं कशाला बोलू आजी, रोज."

"बरं केलंस सांगितलंस," आक्का म्हणाली. "खरं बोललास तेवढं पुण्य."

होडी हसली. आक्का खुशीत होती. मधल्या फळीवर एका हातानं माझं मनगट धरून बसली होती आणि खारं वारं तोंडावर घेत होती. मी मागं बघत होतो. आधी घरं गेली, मग माड एकमेकांत मिसळून एक हिरवी रेघ झाली, रेघ निळी झाली आणि धुरकटात विरली. चारी बाजूंना फक्त पाणी. मला एकदा वाटलं, होडीवाल्याला परत फिरायला सांगावं. बाकीचे पाच जण काय म्हणतील, हा विचार आला. आणि देवमासा मलाही बघायचा होता.

तेवढ्यात तिनं विचारलं, "आप्पा, काठ दिसतोय न्हवं?"

मी मागं वळून बघितलंसुद्धा, जणू खात्री करून घेत होतो. म्हणालो, "दिसतोय की. माडबी दिसत्यात."

माडांचं तिनं विचारलं नव्हतं.

खूप वेळ काही झालं नाही. पुण्याच्या मंडळींनी वेफर्सची पुडकी फोडली, त्यातला एकजण वाकून ओकला आणि मित्रांनी त्याची थट्टा केली. "तुला बघून देवमासा वर येईल रे." ऊन चढलं. आक्कानं घोटभर पाणी पिऊन बाटली पुन्हा पिशवीत ठेवली. मग होडीवाल्यानं अचानक इंजिन बंद केलं आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

आधी आवाज आला. मोठ्या बैलानं नाकपुड्या फुगवून सोडावा तसा श्वास, पण त्याच्या कितीतरी पटीनं लांब. पाण्यातून फवारा उठला. त्याच्या मागोमाग एक काळी, ओली पाठ वर आली आणि पुढं सरकत राहिली, सरकतच राहिली. संपेना. शेवटी एक लहानसा वाकडा पर दिसला. मी उभा राहिलो होतो. आक्काच्या हातातून मनगट कधी सोडवून घेतलं ते मला आठवत नाही, पण सोडवून घेतलं एवढं खरं.

"कुठं रं?" आक्का म्हणाली.

मी ऐकलं.

"आप्पा, कुठं?"

तेही ऐकलं. मान वळवली असती तर तो निसटला असता. मी मान वळवली नाही. आक्का भलत्याच बाजूला तोंड करून बसली होती, उन्हाकडं, डोळे ताणून. पाठ पाण्याखाली गेली. पाणी सपाट झालं. आम्ही आणखी बराच वेळ थांबलो. तो पुन्हा वर आला नाही.

मग मी खाली बसून विचारलं, "आक्का, बघितलंस?"

"श्वास ऐकला," ती म्हणाली. "लई मोठा जीव हाय." आणि हसली. तिनं तक्रार केली नाही. ते हसू बघून मला बरं वाटलं, इतका मी निर्ढावलेला होतो.

परतीला बंगळूरची मुलगी तिच्या शेजारी येऊन बसली. आक्काला कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं. दोघींचं जमलं. मुलगी मनानं चांगली होती, म्हाताऱ्या बाईला काही दिसलं नाही याचं तिला वाईट वाटत होतं, म्हणून ती सगळं वर्णन करून सांगत होती. पाठ केवढी, रंग कसा, फवारा किती उंच. आणि बोलता बोलता म्हणाली, "अज्जी, आपण केवढ्या आत आलो होतो. कुठंच काठ दिसत नव्हता, आणि एवढ्या पाण्यात तो नेमका आपल्यापाशी आला."

आक्कानं कन्नडमध्येच विचारलं, "कुठल्याच बाजूला दिसत नव्हता?"

"कुठल्याच नाही, अज्जी. आत्ता कुठं दिसायला लागलाय."

मी समोरच होतो. मला कन्नड कळतं, हे आक्काला ठाऊक होतं. तिनं माझ्याकडं तोंड वळवलं नाही. होडीच्या कडेवरचा हात उचलून मांडीवर घेतला आणि दोन्ही हात पदराखाली ठेवले.

बंदराला उतरल्यावर तिनं मला हात दिला नाही. होडीवाल्यानं उतरवलं. ओल्या वाळूत थोडी चालली आणि तिथंच बसून णमोकार मंत्र म्हणत राहिली. परतीच्या वाटेवर पाणी प्यायली नाही, दशमीला हात लावला नाही. घाट चढून वर आल्यावर एकदाच बोलली.

"सांगितलं असतंस तर मी काठावर बसले असते. तू जाऊन बघून आला असतास. मला सांगितलं असतंस, कसा हुता."

मी गाडी चालवत राहिलो.

गावी पोचल्यावर ती चिकोडीकडच्या एका गावात आलेल्या माताजींकडं, म्हणजे आमच्या साध्वींकडं गेली आणि झालं ते सांगितलं. माझं नाव न घेता. हद्द मोडली, एवढंच. नकळत झालं आहे असं म्हणून माताजींनी सोपं प्रायश्चित्त दिलं, एक उपवास आणि जप. ते तिनं केलं. पण तिथून परतल्यावर तिनं आपणहून सगळ्या दिशांच्या हद्दी आत ओढून घेतल्या. आता चारी बाजूंना गावची वेस.

पुढच्या महिन्यात सुईसाठी तिला न्यायला मी गाडी घेऊन गेलो तेव्हा हे कळलं. मी चिडलो. म्हणालो, औषधाला सूट असते, माताजींना विचार. ती म्हणाली, विचारलंय, त्या जा म्हणत्यात. मी म्हणालो, मग?

"आप्पा, वेशीच्या आत मला कुणाला इचारायला लागत न्हाय," ती म्हणाली. "बस्ती कुठं, इहीर कुठं, चढ कुठं, पायाला ठावं हाय. भायेर गेले की दुसऱ्याच्या डोळ्यानं बघायला लागतंय."

तिच्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो.

त्यानंतर मी किती वेळा गेलो, बायकोला घेऊन गेलो, डॉक्टरांचं बोलणं मोबाईलवर ऐकवलं. डॉक्टरांना घरी येऊन सुई देता येईल का विचारलं, तर ते म्हणाले, असं होत नाही, त्याला ऑपरेशनची खोली लागते. नजर जात राहिली. आधी माणसं तोंडावरून ओळखू येईनात, मग दार आणि भिंत यांतला फरक जायला लागला. मी दर खेपेला बघत होतो. आता तर तिनं हो म्हटलं तरी उपयोग नाही. डॉक्टरांनी मला ते फोनवर सांगितलं, मी ते तिला सांगितलं नाही. तिला आधीच कळलं असावं.

भाद्रपदात पर्युषण पर्व संपलं की आमच्यात सगळे एकमेकांची क्षमा मागतात. घरोघरी जाऊन, हात जोडून. जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा असावी. मोबाईलवरही तेच फिरतं, फुलांच्या चित्रासकट. मी गावी गेलो, आक्काच्या पाया पडलो आणि तेच शब्द म्हणालो. तिनंही हात जोडून तेच शब्द मला म्हटले. मग आम्ही जेवलो. परतताना मोकळं वाटत होतं. बेळगावच्या अलीकडं काकती येईपर्यंत तो मोकळेपणा ओसरला. गल्लीतल्या प्रत्येकाला मी जे म्हणून आलो होतो तेच आक्काला म्हणालो होतो, आणि त्यातला 'अजाणता' हा शब्द मी माझ्या सोयीनं वापरला होता.

पुढं दिवाळी झाली. एका साध्या रविवारी, बायकोलाही न सांगता, मी गावी गेलो. आक्का घराच्या पुढच्या सोप्यात बसून सुपातले तांदूळ बोटांनी चाचपत खडे काढत होती. पावलावरून तिनं ओळखलं. "आज कसा आलास मधीच?"

मी समोर जमिनीवर बसलो. "क्षमा मागायला आलोय."

"ती पर्वात मागून झाली की."

"ती न्हवं."

बोटं चालूच होती. "मग कशाबद्दलची ते सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं. "आक्का, तुझी हद्द मला ठावं हुती. होडी आत जाणार हे मला घाटातबी ठावं हुतं. काठ दिसत नव्हता. मी वळून बघितला आणि नव्हता. नकळत काय झालं न्हाय, जाणूनच केलं. तो मासा आला तवा तू दोनदा कुठं म्हणून इचारलंस. दोन्ही वेळा मी ऐकलं आणि एकटाच बघत ऱ्हायलो. तुला दाखवतो म्हणून नेलं आणि मीच बघून आलो. तुझं व्रतबी माझ्यामुळं मोडलं, डोळंबी माझ्यामुळं गेलं. हे आता परत करता येत न्हाय मला. माझं चुकलं, आक्का. मला माफ कर."