गाळ बसेपर्यंत

माझी सुटका काचेच्या एका सिलिंडरवर अडली होती. हसू नका, खरंच सांगतो.

गोंदियाजवळच्या एका उसना, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमध्ये सांडपाण्याचा प्लांट मी एकटा सांभाळायचो. धान भिजवलेलं पिवळं, आंबूस पाणी टाकीत यायचं. खालून हवा सोडली की टाकीतले जंतू घाण खायचे, मग त्यांचा गाळ तळाला बसायचा आणि वरचं नितळ पाणी नाल्यात जायचं. रोज सकाळी टाकीतलं लिटरभर पाणी सिलिंडरमध्ये घेऊन मी अर्धा तास बघत बसायचो. गाळ चांगला खाली उतरला की दिवस माझा.

त्या वर्षी धानाची रोवणी आटोपली आणि गाळ उतरेनासाच झाला. नेमकी तेव्हाच मला नागपुरात नोकरी लागली. आठ दिवसांत रुजू व्हायचं, सोबत अनुभवाचं पत्र हवं. मॅनेजर म्हणाला, "पहले गाळ बिठा दे भाई, फिर चिठ्ठी ले और जा." सात वर्षं त्या वासात काढली होती मी. अंगाला साबण लावून लावून कातडी सोलली, पण वास जात नव्हता.

ओळखीनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो, एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. धागेच धागे! आता हे धाग्यांसारखे जंतू मुळात वाईट नसतात. भिंत लिंपताना आपण मातीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा घालतो ना, तसे ते गाळाला धरून ठेवतात. पण नुसती तणसच झाली तर माती बसेल कशी? धानाच्या पाण्यात नत्र कमी, टाकीत हवा सोडणारा आमचा ब्लोअर अर्धमेला. धाग्यांचं फावलं, आणि मी अडकलो.

उपाय दोन होते. ब्लीचिंग पावडर भरपूर ओतली असती तर धागे मेले असते आणि दोन दिवसांत गाळ तळाला गेला असता. पण त्यासोबत कामाचे जंतूही मेले असते, आणि मी नागपूरला पोचेपर्यंत घाण पाणी नाल्यात गेलं असतं. दुसरा उपाय सरळ होता. ब्लोअर दुरुस्त करायचा, नत्रासाठी थोडा युरिया द्यायचा, रोज थोडा गाळ काढायचा. त्याला तीन आठवडे तरी लागणार होते.

तो नाला आमच्या गावच्या तलावाला मिळतो. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी सोडायचं ते माझे बाबा ठरवतात, त्यांच्या आधी आजोबा ठरवायचे. रविवारी घरी गेलो तर बाबा तलावाच्या पाळीवर, बांधावरच भेटले. मी सगळं सांगून टाकलं.

"मंग कायले थांबून राहिला? टाक ना पावडर."

"बाबा, ते पाणी आपल्याच तलावात येईल."

"येऊ दे. तलावाचं मी पाहून घेतो. मी नाई निघालो इथून, तू तरी निघ."

असा राग आला मला त्यांचा! नको म्हणाले असते तर भांडून टाकली असती मी पावडर. हो म्हणून त्यांनी माझे हातच बांधले. घरातली युरियाची अर्धी बोरी गाडीवर बांधली. धानासाठी ठेवलेली होती ती, आणि शेतीचा युरिया कारखान्यात वापरणं नियमात बसत नाही हेही मला माहीत होतं. बाबांनी कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही.

ब्लोअर दुरुस्त करणाऱ्याच्या मी पाया पडायचा तेवढा राहिलो, तेव्हा कुठे तो नीट चालू झाला. रोज टाकीत वाकायचो, रोज सिलिंडर बघायचो, मॅनेजरला मनातल्या मनात शिव्या घालायचो. रुजू व्हायची तारीख आली आणि गेली, तिच्यासोबत नोकरीही गेली. सिलिंडरमधला गाळ तेव्हा निम्म्यापर्यंतही उतरला नव्हता. त्या दिवशी मी प्लांटच्या मागे जाऊन रडलो, लाज कसली त्यात.

चौथ्या आठवड्यात गाळ बसला. वर हे एवढं नितळ पाणी! मॅनेजर खुश होऊन म्हणाला, "अब तेरे सिवा ये किसको जमेगा?" पत्राचं त्यानं नावही काढलं नाही, मीही मागितलं नाही. संध्याकाळी बाबांना फोन केला. तारीख निघून गेल्याचं मी घरी सांगितलंच नव्हतं.

"बसला गाळ, बाबा."

"बसला?" त्यांचा आवाज उजळला. "मंग आता जाशील ना?"

"हो," मी म्हणालो, "जाईन ना."