बाबांनी शिकवलेली विरोधी बाजू

त्या काळात लोकसभेच्या निवडणुका लागोपाठ येत होत्या. एका निवडणुकीत रंगवलेल्या भिंती नीट पुसट व्हायच्या आत दुसरी जाहीर व्हायची. लोक कंटाळायचे, माझे बाबा मात्र खुलायचे.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, शेणव्यापासून आत. बाबा भातशेती करायचे, पण पंचक्रोशी त्यांना ओळखायची ती पक्षाच्या जीपमुळे. जीपवर भोंगा बांधलेला आणि माइक बाबांच्या हातात. हातात कागद नाही, पाठांतर नाही. जीप पाड्याखालून जायला लागली की रानातून फाटी घेऊन येणाऱ्या बायका डोक्यावरची मोळी न उतरवता थांबून ऐकायच्या. त्या वर्षी बाबांच्या पक्षाचं वचन होतं की शेतीच्या पंपाला वीज फुकट आणि गरिबाला धान्य जवळजवळ फुकट. बाबा ते असं सांगायचे, की ऐकणाऱ्याला कणगी भरलेलीच दिसावी.

मी तेव्हा मुरबाडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. निवडणुकीचं वातावरण बघून आमच्या सरांनी वादविवाद स्पर्धा ठेवली. विषय होता, ‘जो फुकट देतो तोच गरिबांचा पक्ष.’ पक्षाचं किंवा पुढाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, एवढी एकच अट. बाजू ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीत निघालं, ‘विरोधात’.

एसटीत बसून घरी येताना मी ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. बाबा दिवसभर जे गावोगाव ओरडून सांगत होते, त्याच्या उलट मला तालुक्याच्या गावी उभं राहून बोलायचं होतं. संध्याकाळी ते ओट्यावर पाय धूत होते, तेव्हा मी सांगून टाकलं. आई दारात होती. ती पदर तोंडाला लावून हसली.

“आता घरातच पार्टी फुटली,” ती म्हणाली.

बाबा हसले नाहीत. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

“बाय, बोलायचं तर नीट बोल. अर्धंमुर्धं बोललीस तर लोक म्हणतील, बापाला घाबरली.”

“पण मी बोलू काय? मला तुमचीच बाजू पाठ आहे.”

त्यांनी पंच्याने पाय पुसले. मग म्हणाले, “विरोधाची बाजू मी सांगीन, पण ती माझ्या तोंडून खोटी वाटंल. उद्या सापगावला जाऊ.”

आई चपापून त्यांच्याकडे बघायला लागली. सापगावला कोण राहतं ते आम्हाला ठाऊक होतं. दुसऱ्या पक्षाचा तिथला जुना कार्यकर्ता. तरुणपणी तो आणि बाबा एकाच कबड्डीच्या संघात खेळलेले. नंतर एका पंचायतीच्या निवडणुकीत दोघांचं असं बिनसलं, की शहापूरच्या बाजारात समोरासमोर आले तरी माना वळवायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. नदीकाठी त्याची भेंडीची वाडी होती. तो भेंडीला पाणी सोडायला दांड फोडत होता. बाबांना बघून त्याने फावडं हातातच धरलं.

“मत मागायला आलास का माझ्याकडं?”

“नाय. पोरीला तुझी बाजू मांडायची हाय. मला ती नीट येत नाय. तू सांग.”

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. मग घराकडे वळून बायकोला चहा टाकायला सांगितला.

ती दुपार मी विसरणार नाही. आंब्याखाली घोंगडी टाकून दोघं बसले आणि मी मध्ये. सापगावच्या त्या काकांनी सुरुवात केली.

“हा बघ माझा पंप. फुकट विजेचा पहिला फायदा मलाच. तरी मला नको. का, सांग?”

मी वही उघडली, तसं तेच पुढे म्हणाले,

“आज मी बिल भरतो. लाईट गेली की ऑफिसात जातो, टेबलावर हात आपटतो, सायबाला विचारतो. फुकट झाली की सायब म्हणंल, फुकटात आलंय ना, मंग गप बस. मी गिऱ्हाईक हाय तोपर्यंत मला तोंड हाय. मागता झालो की तोंड गेलं.”

मी ते लिहून घेतलं. मी बाबांकडे पाहिलं. ते मान हलवत होते.

“बरोबर बोलतो तो,” बाबा म्हणाले. “आता माझं ऐक. तुझ्याकडं पंप हाय रे, म्हणून तुला तोंड हाय. वर पाड्यावर ज्याच्याकडं डोंगरउताराची वीतभर वरकस जमीन, त्यानं कोणत्या टेबलावर हात आपटायचा? त्याला आज दाणा पायजे. आणि फुकटाचं काय सांगतोस? तानसाचं पाणी आपल्या आज्याच्या आधीपासून मुंबईला चाललंय. पायपी आपल्या उशाशी आणि आपल्या बाया हंडे घेऊन वणवण. मुंबईनं आपल्याकडून घेतलं, ते कुणी फुकट म्हटलं का? गरिबाला काही दिलं की तेवढं फुकट!”

आता काकांनी जवळची एक काडी उचलली. मातीत दोन रेघा ओढल्या.

“हे मात्र तू भोंग्यावर कधी सांगत नायस,” ते म्हणाले. “सांगितलंस तर मीपण थांबून ऐकीन.”

ऊन उतरेपर्यंत ते भांडत होते. मधूनमधून आवाज चढायचा. काकी दारातून बघून जायच्या. पण दोघांनी एकमेकांना खोटं पाडायला म्हणून एक शब्द काढला नाही. आपला बाप इतकं ऐकून घेऊ शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी त्यांना नेहमी बोलतानाच पाहिलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी कॉलेजचा हॉल भरला. आमच्या गावातले लोकही आले होते. मी काकांचा मुद्दा मांडला, मग बाबांचाही मांडला आणि म्हटलं, की हक्काचं मागून घेणं वेगळं आणि निवडणुकीपुरतं फुकट पदरात पाडून घेणं वेगळं. टाळ्या पडल्या. माझ्यानंतर विषयाच्या बाजूने बोलायला उठलेला मुलगा आमच्याच भागातला आणि हुशार होता. तो म्हणाला, “विरोधी वक्त्यांनी हे आधी आपल्या घरच्या भोंग्याला समजवावं!”

सगळा हॉल हसला. माझे कान तापले. मागे दाराशी बाबा उभे होते आणि त्यांच्या शेजारी सापगावचे काका. बाबांनी फक्त हात खाली दाबल्यासारखा केला. सावकाश, असं ते घरी मला त्याच खुणेने सांगायचे.

उत्तर द्यायची माझी पाळी आली. मी म्हटलं, “तो भोंगा माझ्या बाबांचाच आहे. विरोधी बाजू समजून घ्यायला मला तेच घेऊन गेले. मला त्याची लाज वाटत नाही.” याच्यापुढे जे बोलायचं ठरवलं होतं ते आठवलंच नाही. मी खाली बसले. पहिला नंबर त्या मुलाला मिळाला, मला दुसरा.

गोष्ट पक्षाच्या तालुक्याच्या पुढाऱ्यापर्यंत गेली. त्याने बाबांना बोलावून घेतलं. तिथं काय झालं ते बाबांनी घरी येऊन आईला सांगितलं, मी आतून ऐकलं. पुढारी म्हणाला, घरातलीच पोर विरोधात बोलते, लोक काय म्हणतील? बाबा म्हणाले, “पोरीनं जे मांडलं त्याचं उत्तर आपल्याकडं हाय का, तेवढं सांगा. मी उद्याच भोंग्यावर बोलतो.” दुसऱ्या दिवसापासून जीप आली नाही. माइक दुसऱ्याकडे गेला.

मला वाटलं, बाबा आता घरी बसतील. ते चपला घालून पायीच निघाले. प्रचार त्यांच्याच पक्षाचा, पण एकट्याने, पाड्यापाड्यावर. एका रविवारी मी बरोबर गेले. डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर मोहाच्या झाडाखाली माणसं जमली. तिथली बोली आमच्यापेक्षा वेगळी, पण बाबांना ती येत होती. ते बोलले, मग म्हणाले, आता तुमी विचारा. लोकांनी विचारलं. धान्य किती महिने मिळणार? निवडणूक झाल्यावर बंद झालं तर कुणाकडं जायचं? काही प्रश्नांना बाबांनी उत्तरं दिली, काहींना सरळ सांगितलं, “मला ठाऊक नाय.”

एक म्हातारी पुढे आली. “इतकी वर्सं जीपीतून ओरडत व्हतास. तवा नाय सांगितलंस का तुला ठावं नाय म्हून?”

“भोंग्यात तुझं ऐकू येत नव्हतं गो आजी,” बाबा म्हणाले.

म्हातारी खळखळून हसली. बाकीचेही हसले. मी मात्र बाबांकडे बघत राहिले. लहानपणापासून भोंग्यावरच्या ज्या आवाजाचा मला अभिमान होता, तो नसतानाच हा माणूस मला उंच वाटत होता. अंगावर धुळकट सदरा, हातात काही नाही, आणि चारचौघांत ‘ठाऊक नाय’ म्हणायचं धाडस.

त्या निवडणुकीत आमच्या भागात बाबांच्याच पक्षाचा उमेदवार निवडून आला. गुलाल उधळत ट्रक गावातून गेला, कुणी बाबांना हाक मारली नाही. आईला फार लागलं. बाबा म्हणाले, “मी काय ट्रकात बसायला फिरलो व्हतो का?” पण त्या रात्री ते नीट जेवले नाहीत, हेही खरं.

पुढच्या निवडणुकीपर्यंत माझं लग्न होऊन मी कल्याणला आले होते. प्रचार सुरू झाल्यावर माहेरी गेले, तर ओट्यावर सापगावचे काका बसलेले. दोघांचं जुंपलेलं. अंगणात शेजारपाजारचे, वरच्या पाड्यावरचे, दोन्ही पक्षांचे लोक मांडी घालून बसले होते. आईने मला हळूच सांगितलं, की काका निवडणूक जाहीर झाल्यापासून दर आठवड्याला येतात आणि माणसं आता आधी निरोप देऊन विचारतात, आज बसायचं हाय ना?

मी पिशवी दारात ठेवली आणि मागे जागा बघून बसले. तेवढ्यात वरच्या पाड्यावरची एक तरुण बाई, कडेवर मूल घेऊन, उभी राहिली आणि म्हणाली, “तुमी दोघं जरा थांबा. आता मी बोलतंय.” बाबा आणि काका, दोघंही लगेच गप्प झाले.