पुरुषांशी आधी बोलणाऱ्या वनमालाबाई

आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या परिचारिका वनमालाबाई कुणाच्याही घरी गेल्या, तरी स्वयंपाकघराकडे वळत नसत. ओसरीवरच्या पुरुषासमोर खुर्ची ओढून बसत आणि म्हणत, "भाऊ, पेपर ठेवा बाजूले. काम तुमच्याशीच आहे." त्यांना लांबून पाहताच मागच्या दाराने निसटणारे चोरखमारा गावातले कितीतरी पुरुष मला ठाऊक आहेत.

मी तेव्हा तिथल्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीविषयी बोलायला त्या आल्या आणि मुलींबरोबर मुलांनाही बसवा म्हणाल्या. मुलांचा यात काय संबंध, असे मी विचारले.

"काऊन सर? पोरीचं लगन पोरीशीच लावून राहिले का तुम्ही?" त्या हसल्या. "या कर्करोगाचा एचपीव्ही विषाणू नवऱ्याकडून बायकोले जाते, बायकोकडून नवऱ्याले. संबंध यायच्या आधी लस घेतली तं दोघंबी वाचतेत."

"शाळेत ही भाषा नको," मी म्हणालो. वर्ग फक्त मुलींचा झाला आणि ते वाक्य मी गाळायला लावले. निघताना त्या म्हणाल्या, "बाईसायबाले गर्भपिशवीच्या तोंडाच्या तपासणीले पाठवा. या वयात लशीपेक्षा तेच कामाचं आहे." तो निरोप मी पत्नीला दिला नाही. मला संकोच वाटला, एवढेच त्याचे कारण.

दोन वर्षांनी पत्नीला, सुमनला, तोच कर्करोग निघाला. फार उशीर झाला होता. वनमालाबाई दर आठवड्याला येत, तिच्या उशाशी बसत. एका दुपारी सुमनने विचारले, "सिस्टर, हे मला कुठून आलं हो?"

मी दारात उभा होतो. लग्नापूर्वी गोंदियात नोकरीला असताना माझा एका स्त्रीशी संबंध आला होता. सुमनला ते मी कधीच सांगितले नव्हते.

बाईंनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "लय जणांले होते हा विषाणू, बाई. कोणाचं अंग त्याले हाकलते, कोणाचं नाही. कोणापासून आला, हे डॉक्टरबी नाही सांगू शकत."

अंगणात मी त्यांचे आभार मानू लागलो. त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाही बोलली, सर. त्यांच्यासाठी बोलली. अन् खरंच बोलली."

सुमन गेल्यावर मी गोंदियाजवळच्या कुडव्यात राहू लागलो. मुलगा परगावी असतो, त्यामुळे घरात बोलायला कुणी नसते. निवृत्त होऊन लेकीच्या गावी जाण्यापूर्वी वनमालाबाई एकदा आल्या. "पोराचं लगन जमलं म्हणते. त्याले लस घ्याले सांगा, अन् सूनबाईलेबी. पण कायले, हेबी तुम्हीच सांगा." त्यानंतर त्या मला भेटल्या नाहीत.

मुलगा सुट्टीत घरी आला, तरी ते सांगायला मला चार दिवस लागले. शाळेत गाळलेले ते वाक्य, न दिलेला निरोप, गोंदियातले दिवस, सारे त्याने मान खाली घालून ऐकले.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी होणारी सून आली. दोघे लस घ्यायला गोंदियाच्या दवाखान्यात निघाले. "मी येऊ का?" मी विचारले.

"नको, बाबा."

मी फाटकाशी उभा राहिलो. त्याने मागे वळून पाहिले नाही. पण ते गेले.