दाजींचा अर्क

आमच्या घरात जावयाला नाही म्हणायची पद्धत नव्हती. त्या पद्धतीला आग लागो, असं मी आज उघड म्हणते. तेव्हा म्हणाले नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फुलंब्री रोडला प्लॉट विकायचे. लागोपाठ दुष्काळ पडला, गिऱ्हाईक आटलं, तशी त्यांनी औषधी मशरूमची एजन्सी घेतली. नेमका त्याच उन्हाळ्यात आईला स्तनाचा कॅन्सर निघाला.

"केमो चालू द्या, पण ताकद यानंच येणार," म्हणत त्यांनी वाळल्या मशरूमचे काप आणून दिले. चार पेले पाणी आटवून एक पेला अर्क काढायचा, दिवसातून दोनदा. हर्सूलला आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. समोरच्या नव्या बिल्डिंगींच्या बांधकामाला रोज टँकर, आम्हाला दोन ड्रम. त्यातलं पाणी मी गॅससमोर उभी राहून हवेत उडवत होते.

दोन केमो नीट झाल्या. तिसरीच्या आधी रिपोर्टमध्ये लिव्हर बिघडलेलं दिसलं. डॉक्टरांनी केमो पुढं ढकलली आणि विचारलं, "बाहेरचं काही औषध चालू आहे का?" दवाखान्यात आम्हाला दाजीच त्यांच्या गाडीतून न्यायचे. ते शेजारच्या खुर्चीवर बसून पंख्याकडं बघत राहिले. आई म्हणाली, "काही नाही." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मीही नाही म्हणून मान हलवली.

घरी आल्यावर मी लई भांडले. "सांग की डॉक्टरांना."

"तिला त्या घरात नांदायचंय," आई म्हणाली. "जावयाचा पाणउतारा करू का?"

"आणि तू मेलीस म्हणजे?"

"मग तुझी बहीण माझ्या दिवसांना तरी येईल." असं शांतपणे म्हणून तिनं पेला तोंडाला लावला.

भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही. पंधरा दिवसांनी तसाच रिपोर्ट, तोच प्रश्न, आणि मी पुन्हा मुंडी हलवली. महिना गेला. गाठ हाताला मोठी लागायला लागली.

तिसऱ्या खेपेला मी पर्समधून कापांचं पाकीट काढून टेबलावर आपटलं. "हे चालू आहे. यांनी दिलंय." डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "यावर अभ्यास चालू आहेत, कुणाला बरंही वाटतं. पण लिव्हर यानंच बिघडलं का, ते बंद केल्याशिवाय कळायचं नाही, मला सांगायचं तरी." दाजी उठले आणि गाडी घेऊन निघून गेले. आम्ही रिक्षानं आलो. आई रस्ताभर माझ्याकडं पाठ करून बसली.

काप बंद केल्यावर लिव्हर सुधारलं, केमो परत सुरू झाली. आई पुढच्या उन्हाळ्यात गेली. त्या महिन्यानं किती फरक पडला, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. दिवसांना बहीण आली नाही. दाजींनी पाठवलं नाही.

माझा राग दाजींवर आहे, असं सगळे समजतात. आहेच, तो मी मरेपर्यंत राहील. पण बोलायचंच होतं तर मी पहिल्याच दिवशी का नाही बोलले? बहीण तेव्हाही तुटलीच असती. आईचा महिना तरी वाचला असता.