दोन्ही कानांत ऊद

दर शनिवारी लातूरहून नांदेडला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ते गृहस्थ बहुतेक माझ्या शेजारी असत. नाव मी कधी विचारलं नाही. बसनं लोहा सोडलं की ते खिशातून छोटी कुपी काढत, कापसाचा बोळा उदाच्या अत्तरात भिजवत आणि उजव्या कानाच्या वरच्या घडीत बसवत. वास जळत्या लाकडाचा, पण डोळ्यांना न झोंबणारा. मला अत्तरं आवडत नाहीत. हे आवडलं.

"लग्नाला निघालात का काका?" पहिल्यांदा मी गमतीनं विचारलं होतं.

"हाव, नवरीकडंच निघालो," ते हसले. "बायको लेकीकडं ऱ्हाती. सगळं इसरली. माझं तोंड वळखत न्हाई, पण ह्यो वास आला की म्हणती, 'आलात का?'"

त्या दोन शब्दांसाठी ते जाताना साडेतीन तास आणि येताना साडेतीन तास बसत.

गेल्या शनिवारी त्यांनी दोन बोळे भिजवले आणि दोन्ही कानांत ठेवले. उरलेलं अत्तर मनगटांवर, सदऱ्याच्या कॉलरला चोळलं. कुपी रिकामी झाली.

"आज लई लावलं काका."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मागल्या शनवारी ती कायबी बोलली न्हाई. वास कमी पडला आसंल."

"असेल," मी म्हणालो.

त्या मागल्या शनिवारी गर्दीमुळे मला त्यांच्यापासून चार रांगा मागे जागा मिळाली होती. वास तिथपर्यंत आला होता.