केशोरीच्या नाल्यातले क्रोमियम

२० फेब्रुवारी २०२४, मंगळवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. केशोरीच्या अलीकडे एका नाल्याच्या पुलाखाली मी उतरलो, तेव्हा रिग निघायला एक दिवस उरला होता. रिग म्हणजे खडकात खोल भोक पाडून नमुना काढणारे यंत्र. ते टेकडीवर न्यायचे, तर वाटेतल्या बोडीची पाळ फोडावी लागणार होती. बोडी म्हणजे शेतातला लहान तलाव. त्या पाण्यावर तिथले शेतकरी सुखदेवभाऊ यांचे उन्हाळी धान उभे होते.

रिगचे कारण मी होतो. नाल्यातला गाळ म्हणजे वरच्या खडकांचा चुरा. त्यातील मूलद्रव्ये मोजली, की कोणता खडक झिजून तो आला, हे कळते. पुलाखालच्या गाळात क्रोमियम भरपूर निघाले होते. त्यावरून टेकडीत तसा खडक असावा, असा अहवाल मी, निवृत्तीनंतर भूशास्त्राचा सल्लागार म्हणून, सही करून दिला होता. नमुन्याची जागा मी नागपुरात बसून, संगणकावरच्या नकाशात ठरवली होती.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. रिझल्टप्रमाणे त्या गाळातले कॅल्शियम जवळजवळ धुऊन गेलेले होते. अशी माती फार जुनी, पुरती झिजलेली असते. समोरची वाळू मात्र ताजी आणि कोनदार होती. ग्रॅनाइटची. एकाच टेकडीचा माल इतका वेगळा सहसा नसतो.

मी गाळ पत्र्यावर उन्हात टाकला. सुखदेवभाऊ काठावर येऊन उभे राहिले.

"कायले वाळवून राहिले जी? पापड हायेत का?"

"टेकडीवरून काय वाहून येते, ते पाहतो आहे."

"हे काळी माती टेकाडाची नाही. माही हाये."

"तुमची कशी?"

"तीन साल झाले. टेकाडापलीकडच्या तलावाचा गाळ काढून राहिले होते. आम्ही टरॅक्टरनं आणून बांधीत टाकला. धानाले चांगला असते. पान्यानं थोडा नाल्यात गेला." मग त्यांनी विचारले, "तुमच्या नकाशात माहा टरॅक्टर नाही दिसला का?"

मी गाडीतून एक्सआरएफ गन आणली.

हे पिस्तुलासारखे यंत्र मातीला लावले, की मिनिटभरात मूलद्रव्ये सांगते. शेतांच्या वर, नाल्यात: क्रोमियम नगण्य. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात: भरपूर. मग आम्ही दोघे गाडीने टेकडी ओलांडून त्या तलावावर गेलो. तेथील गाळाचे आकडे बांधीतल्या आकड्यांशी जुळले. काठावर हिरवट काळा खडक उघडा पडला होता; क्रोमियम त्याचे होते, टेकडीचे नव्हते.

प्रकल्पप्रमुख मॅडमना तिथूनच फोन केला.

"सर, रिग बुक आहे. वरती काय सांगू?"

"माझी चूक झाली, असे सांगा."

"लेखी द्याल?"

"आजच."

पूर्वी, नोकरीत असताना, आम्ही एकेका गावात तीन-तीन आठवडे राहत असू. शाळेची खोली, पितळी चाळण्या, कापडी पिशव्या. रिझल्टला तीन महिने. संध्याकाळी कोणाच्या तरी ओट्यावर बसणे होई. कोणी कोणत्या बांधीत कुठली माती टाकली, हे न विचारता कळे. त्याला आम्ही वेळ घालवणे म्हणत असू. ते कामच होते. त्या ओट्यांवरची बरीच माणसे आता नाहीत.

गाळ पाण्याने येतो, असे पुस्तकात आहे. या भागात तो ट्रॅक्टरनेही येतो. नमुना घेण्याआधी वरच्या शेतकऱ्याला विचारावे.

पाच वाजता अहवालाच्या प्रतीवरची माझी सही रेघ मारून खोडली, खाली कारण लिहिले आणि फोटो मॅडमना पाठवला. रिग रद्द झाल्याचे उत्तर आले. मग बोडीच्या पाळीवर रस्त्यासाठी ठोकलेल्या खुंट्या उपटू लागलो.

"राहू द्या जी," सुखदेवभाऊ म्हणाले. "वासरं बांधीन."

दोन त्यांना ठेवल्या. उरलेल्या सात मोजून गाडीत टाकल्या.